फुलदाणीच्या बुडावरचं नाव

वडिलांची कंबर लोणंदच्या कांदा बाजारात गेली. ट्रकमधून गोणी उतरवताना वरची गोणी सरकली आणि ते फळीवरून खाली आले. तेव्हा मी सातवीत होते. रहिमतपूरजवळच्या आमच्या वाडीत दोन खोल्या आणि एक शेळी एवढीच इस्टेट. वडील भिंतीकडे तोंड करून पडून असायचे, कारण दुसऱ्या कुशीवर त्यांना वळताच यायचं नाही. आईने शेळी विकली, वडिलांना आणि मला घेतलं आणि साताऱ्याला आली. पत्र्याची एक खोली मिळाली. ती पाच घरची धुणीभांडी करायला लागली.

माझा गणवेश एकच होता. पावसाळ्यात तो सकाळपर्यंत वाळायचा नाही. मग आई भाकऱ्या झाल्यावर तवा उलटा घालायची आणि त्यावर स्कर्ट पसरायची. त्यामुळे माझ्या स्कर्टला कायम भाकरीचा वास. बाकावरच्या मुली म्हणायच्या, "आली बघ न्याहारी."

हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. आज मी कुंडलच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे, सांगलीत स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहते. आमच्या घरात बारावी पास झालेली पहिली मी आणि बी.एस्सी. झालेली पहिलीही मीच. हे मी कुठंही सांगते. कुणाला गर्व वाटला तर वाटू दे, फुकट आलेला नाही तो. पण ज्या बाईच्या जिवावर हे सगळं झालं, तिच्यावर मी चौदा वर्षं मनातल्या मनात संशय घेतला. तेही सांगितलं पाहिजे.

आईच्या पाच घरांतलं एक घर बाईसाहेबांचं. साहेब साताऱ्याकडचेच, फौजेत मोठ्या हुद्द्यावर होते. बाईसाहेब उत्तरेकडच्या. साहेब गेल्यावर त्या एकट्याच बंगल्यात राहायच्या. मुलगा पुण्याला. परीक्षेच्या दिवसांत आई मला तिथं घेऊन जायची, मागच्या व्हरांड्यात अभ्यासाला बसवायची. आमच्या खोलीत वडील कण्हायचे, तिथं अभ्यास व्हायचा नाही.

त्या बंगल्याच्या हॉलमध्ये खिडकीपाशी एक फुलदाणी होती. हातभर उंच, काचेची, खाली ब्राँझचं जड बूड. तिचा रंग काय होता म्हणून कुणी विचारलं तर आजही मला एका शब्दात सांगता येणार नाही. समोरून बघितलं तर निळी, दोन पावलं सरकलं की हिरवी, वाकून बघितलं तर जांभळ्यावर सोनेरी. गॅरेजसमोरच्या डबक्यात ऑईल सांडल्यावर पाण्यावर रंग फिरतात ना, तसे तिच्यावर फिरायचे. आता मला माहीत आहे की काच तापलेली असताना तिच्यावर धातूच्या क्षारांची वाफ सोडली की असा थर बसतो. तेव्हा मला ती फुलदाणी खोटारडी वाटायची. जी वस्तू जागेवर उभी राहून तीन रंग दाखवते, तिचा खरा रंग कुठला मानायचा?

आई रोज ती पुसायची. काच ब्राँझच्या खोबणीत नुसती बसवलेली होती, उचलली की सुटी व्हायची. आई काच वेगळी करायची, टॉवेलवर आडवी ठेवायची आणि बूड वेगळं पुसायची. बाईसाहेब खुर्चीतून बघत असायच्या, पण कधी "सांभाळून" म्हणाल्या नाहीत.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना बाईसाहेबांची तब्येत बिघडली. मुलगा येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला. दोन महिन्यांत त्या गेल्या. त्यानंतर तो बंगला आवरायला आला आणि त्याने आईला बोलावणं पाठवलं. मी बरोबर होते.

तो म्हणाला, "खिडकीतली फुलदाणी दिसत नाही."

आई म्हणाली, "ती बाईसाहेबांनी मला दिलीया. जायच्या आदी."

"तुम्हाला?"

"व्हय. माझं नाव बी घालून दिलंय त्याच्यावर."

तो हसला. ते हसू मी विसरलेले नाही. "माझ्या आजोबांनी परदेशातून आणलेली वस्तू मम्मीने तुम्हाला दिली. आणि नाव काय, नाव तर कुणीही घालून घेतं. पेठेत जाऊन पाच मिनिटांचं काम."

"घेऊन येऊ का? बगा तुमी."

"नको. ठेवा तुम्हीच. पोलीस वगैरे मला करायचं नाही."

एवढं बोलून तो थांबला असता तरी चाललं असतं. पण त्याच संध्याकाळी तो शेजारच्या चार घरी निरोप घ्यायला गेला आणि प्रत्येक दारात सांगून आला. चोर हा शब्द त्याने वापरला नाही म्हणे. "जरा लक्ष ठेवा" एवढंच म्हणाला. त्या चारही घरांत आई कामाला होती. एका घरात आई आली की आतल्या खोलीचं दार ओढून घ्यायला लागले. दुसऱ्या घरातली बाई भांडी घासून झाली की आईच्या तोंडासमोर चमचे मोजायची. महिन्याभरात चारही घरं सुटली. "आता आम्ही मशीन घेणार आहोत," असं सगळ्यांनी सांगितलं. भांडी घासायचं मशीन तेव्हा साताऱ्यात कुणी बघितलंसुद्धा नव्हतं.

आई एका खानावळीत चपात्या लाटायला लागली. मी तिला एकदाच विचारलं, "खरंच दिलीय का?"

"व्हय."

"कुणासमोर?"

"दोघीच हुतो."

मला ते पटलं नव्हतं. साडी दिली असती, जुनं कपाट दिलं असतं तर समजू शकते. ही कसली वस्तू, आणि कामवालीला? शिवाय आई ती कुणाला दाखवायची नाही. जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवलेली. फक्त दसऱ्याला बाहेर काढायची, तेही दार लावून. चिंच लावून ते बूड चकचकीत घासायची आणि परत गुंडाळून ठेवायची. दिलेली वस्तू माणूस दार लावून घासतो का? मी तिच्यावरचं नाव बघायलासुद्धा कधी गेले नाही. बघितलं आणि नावच नसलं तर? किंवा असलं, आणि आईनेच घालून घेतलेलं असलं तर? अशा वेळी न बघितलेलं बरं असतं, असं मी ठरवलं होतं. शिकलेल्या माणसाला स्वतःला फसवायला जरा जास्त युक्त्या येतात.

वडील गेल्यावर गेल्या वर्षी आई सांगलीला माझ्याकडे आली. ट्रंक बरोबर आली. आणि या उन्हाळ्यात पुण्याहून फोन आला.

"तुमची आई आमच्याकडे कामाला होती," तो म्हणाला. आवाज मी ओळखला. "बंगला विकतोय. जुना अल्बम सापडला, त्यात ती फुलदाणी आहे. एकांना फोटो दाखवला तर ते म्हणाले अशी काच आता बनत नाही. तेव्हा मी मोठ्या मनाने सोडून दिलं होतं. आता ती परत पाहिजे. पंधरा दिवस वाट बघतो, नाहीतर मला रीतसर तक्रार करावी लागेल. तुम्ही नोकरी करता, समजून घ्या."

शेवटचं वाक्य नीट वाचण्यासारखं आहे. तुम्ही नोकरी करता.

मी आईला काही सांगितलं नाही. आधी ही वस्तू आहे तरी काय ते कळू दे म्हटलं. सांगलीत जुन्या वस्तूंची पारख असलेले एक जैन गृहस्थ आहेत, आमच्या कारखान्यातल्या एकाच्या ओळखीचे. त्यांना रविवारी घरी बोलावलं. आईला म्हटलं, सहज बघायला येतायत.

ते आले ते टॉर्च आणि भिंग घेऊन. आईने फुलदाणी टेबलावर ठेवली. त्यांनी आधी वस्तूकडे बघितलं, मग आमच्या फ्लॅटकडे, मग आईकडे, आणि परत वस्तूकडे. त्या बघण्याचा अर्थ मला कळत होता.

"आक्का, हे कुठनं आणलं?"

"सातारला मिळालं."

"मिळालं म्हंजे? घेतलं का सापडलं?"

"दिलं एकींनी."

"असं." त्यांनी टॉर्च आत सोडला. भिंतीवर हिरवट सोनेरी कवडसा पडला. "पहिल्यांदा मला वाटलं, फिरोजाबादचा माल असंल. तसल्या नकला लय येतात. पण ही नक्कल न्हवं. काच बाहेरदेशातली, जुनी हाय." मग त्यांचं लक्ष बुडाकडे गेलं आणि त्यांचा चेहरा पडला. "हे असं चकचकीत कसं काय?"

"चिंचंनं घासती की मी. दर दसऱ्याला," आई म्हणाली. जरा अभिमानानेच.

त्यांनी कपाळाला हात लावला. "आक्का, आवं, ह्या काळपटपणालाच तर मान असतोय. शंभर वर्सं जमलेला रंग तुमी चिंचंनं धुतला."

"मग काय मळकं ठिवू?"

मला हसू आलं, ते मी चहा आणायच्या निमित्ताने आत नेलं. परत आले तेव्हा त्यांनी काच बाजूला ठेवली होती, बूड उपडं केलं होतं आणि ते भिंगातून वाचत होते.

"ह्याच्यावर नाव घातलंय. आरारा. असल्या वस्तूवर कुणी नाव घालतं व्हय? स्टीलचा डबा हाय काय हा? अर्धी किंमत हितंच गेली." मग त्यांनी सावकाश वाचलं, सौ. अमुक यांस सप्रेम भेट. मान वर करून विचारलं, "ह्या कोण?"

"मीच की," आई म्हणाली.

"तुमचं नाव हे हाय?"

आईने नाव सांगितलं. त्यांनी परत भिंग लावलं, परत वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. "ताई, तुमच्या आईच्या नावात ळ हाय. ह्याच्यावर ल हाय. हे दुसऱ्याच कुणाचं तरी नाव."

मी बूड हातात घेतलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा. भांड्यांच्या दुकानात मशीनच्या पेनने ठिपक्याठिपक्यांनी नाव घालतात, तसंच घातलेलं होतं. आणि खरोखर ल होता. स्पष्ट, गोल, मोठा ल.

आमच्या भागात ल आणि ळ यांचा घोळ होत नाही. अंगठेबहाद्दर माणूससुद्धा फळाला फल म्हणणार नाही. आईचं नाव रेशनकार्डावर, माझ्या दाखल्यावर, सगळीकडे ळ घालूनच आहे. साताऱ्यातल्या दुकानदाराला आईने तोंडाने नाव सांगितलं असतं तर त्याने डोळे झाकून ळ काढला असता.

ते गृहस्थ उठले. "तुमचं तुमी बगा. मला ह्यात पडायचं न्हाई." चहा तसाच राहिला.

दार लागलं. मी आईकडे बघितलं. खोटं लिहिणार नाही. क्षणभर मी तिच्याकडे तसंच बघितलं, जसं ती चमचे मोजणारी बाई बघायची. ही आईची नाहीच, दुसऱ्याच कुणा बाईला दिलेली आहे, असंही मनात येऊन गेलं.

आई म्हणाली, "बाईसाहेब मला तसंच म्हनायच्या."

"कसं?"

"ल लावून. त्यास्नी ळ म्हनताच यायचा न्हाई. केळ्याला केला म्हनायच्या, बाळाला बाला. मी एकदा शिकवाय गेले, तर म्हनल्या, मेरी जीभ नहीं मुड़ती, बाई. मग मी बी म्हनलं, असू दे. सात वर्सं मी त्या घरात ल लावूनच हुते."

"मग हे नाव..."

"सांगितलं की तवाच. त्या फुलदानी दिऊ लागल्या, मी न्हाई म्हनलं. म्हनलं, बाईसाहेब, उद्या कुनीबी म्हनंल चोरली. आमच्यात भांडं द्यायचं म्हंजी नाव घालून देत्यात, मग कुनी काय बोलत न्हाई. तर दुसऱ्या दिवशी त्या रिक्षा करून पेठंत गेल्या. बरं वाटत नव्हतं तरी. काच घरीच ठिवली आन् बूड तेवढं पिशवीत घालून नेलं. येऊन म्हनल्या, लो, अब कोई कुछ नहीं बोलेगा."

"अक्षर चुकलंय हे तुला कुणी सांगितलं नाही?"

"मला कुठं वाचाय येतंय? आन् दाखवनार कुनाला? दार लावून घासायची ती कुनी बघून परत चोरीचं नाव काडायला नको म्हनून."

मग मी तिला पुण्याच्या फोनचं सांगितलं. ती म्हणाली, "चल, जाऊ."

बंगल्याच्या आवराआवरीसाठी तो साताऱ्याला येणार होता, त्या दिवशी आम्ही सांगलीहून पहाटेची एसटी धरली. काच एका गोधडीत गुंडाळून आईच्या मांडीवर, बूड माझ्या पिशवीत. कराडच्या पुढं गेल्यावर आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तू शिकलीस म्हनून तुला वाचता आलं. पर इतकी वर्सं वाचलं का न्हाईस?"

मी पिशवीत हात घालून बुडावरचं ते नाव बोटाने चाचपलं.

बंगल्यात खोकी भरून ठेवली होती. तो आता जाड झाला होता, केस पांढरे. आईला बघून त्याने हाक मारली, "या, या," आणि तिचं नाव घेतलं. ल लावून. साहेबांच्या बदल्यांमुळे तोही छावण्यांत वाढलेला, बाईसाहेबांसारखीच त्याची जीभ ळ ला वळायची नाही. मी म्हटलं, "परत एकदा म्हणा."

"काय?"

"माझ्या आईचं नाव."

त्याने म्हटलं. तोच ल. मी बूड काढून त्याच्या हातात दिलं. त्याने वाचलं, मान हलवली. "नाव आहे हे तेव्हाच सांगितलं होतं तुम्ही. त्यात काय?"

"माझ्या आईचं नाव हे नाही. तिच्या नावात ळ आहे. हे आधार कार्ड बघा. या घराबाहेर तिला ल लावून कुणीही हाक मारलेली नाही."

तो एवढ्यात ऐकणारा नव्हता. "शिकलेल्या नाहीत त्या. दुकानदाराकडून चूक झाली असेल."

"दुकानदार साताऱ्याचा होता. तोंडाने सांगितलं असतं तर त्याने ळ काढला असता. त्याला कुणीतरी चिठ्ठी लिहून दिली. माझ्या आईला लिहिता येत नाही."

"चिठ्ठी तुम्हीसुद्धा लिहून देऊ शकत होता."

"मी माझ्या आईचं नाव चुकीचं लिहीन?"

त्याने बूड परत उलटसुलट करून बघितलं. पण त्याच्या तोंडावरून कळत होतं, अजून गुंता सुटलेला नाही. तेवढ्यात आई स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. तिथं एका खोक्यात जुने डबे भरलेले होते. तिने त्यातला एक बाहेर काढला आणि त्याला विचारलं, "ह्यो गुळाचा डबा न्हवं का? मीच घासायची. ह्याच्यावर चिठ्ठी हाय बगा, त्यांनीच लिवून चिकटवलेली. काय लिवलंय?"

त्याने डबा घेतला. बाईसाहेबांनी साताऱ्यात आल्यावर मराठी लिहायचा सराव म्हणून सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या होत्या, हे मलाही ठाऊक नव्हतं. त्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, गुल. त्याने खोक्यात हात घातला. दुसरा डबा निघाला, तांदुल. तिसऱ्यावर तील. चौथ्यावर हलद. सगळीकडे ळच्या जागी ल, बुडावर होता तसाच.

तो त्या खोक्यावरच बसला. डबा गुडघ्यावर. चिठ्ठीवरून अंगठा फिरवत म्हणाला, "मम्मीचंच अक्षर." मग आईकडे बघून म्हणाला, "माफ करा. मी काही क्लेम करणार नाही. चहा घ्या."

मी म्हटलं, "चहा नको. ज्या दारांत बोललात त्या दारांत आता बोला."

"इतक्या वर्षांनी? लोकांच्या लक्षातही नसेल."

"माज्या हाय," आई म्हणाली. तिने पदर खोचला आणि ती पुढं चालायला लागली. त्याला मागं यावंच लागलं.

पहिल्या दारात नवे लोक होते, त्यांना काय प्रकार आहे तेच कळेना. तरी त्याने सांगितलं. दुसऱ्या दारात चमच्यांची बाई होती. ती म्हणाली, "मी कुठं काय म्हटलं होतं?" आई म्हणाली, "तुमी न्हाई म्हनला. तुमी निसतं मोजलं." तिसऱ्या घरातले सगळे बाहेरगावी होते, फक्त म्हातारे आजोबा. ते कानाने कमी. तो हळू आवाजात सांगायचा आणि आजोबा म्हणायचे, "काय? कोण चोर?" शेवटी त्याला ओरडून सांगावं लागलं, "चोर कुणी नाही. मम्मीनेच दिली होती. माझी चूक झाली." गल्लीतल्या दोन गॅलऱ्यांत माणसं येऊन उभी राहिली. चौथ्या दारात सांगायची गरजच पडली नाही, तिथल्या बाई आधीच बाहेर आलेल्या होत्या. तरी आईने त्याला तिथंही सांगायला लावलं.

फुलदाणी आईच्या मालकीची आहे, असं त्याने एका कागदावर लिहून सही करून दिलं. नाव लिहिताना त्याने मला विचारलं आणि ळ घातला. त्या चार दारांत माझ्या आईवरचा चोरीचा आळ गेला.